क्वांटमला 'पुंज' का म्हणतात?

अनुवादिका: जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांकवर मुलांसाठी लेख करतेय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलेय. क्वांटमला मराठीत सगळीकडे 'पुंज' आहे, पण तारकापुंज म्हणजे ताऱ्यांचा घोळका, आणि प्लांक तर उलटंच सांगत होता ना, की ऊर्जा ठरावीक मापाच्या तुकड्यांतच दिली-घेतली जाते, अर्धा तुकडा मिळत नाही.

जुनावाचक: पुंजच ठेवा. पुंजवाद (क्वांटम थिअरी), पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) इतकी वर्षं चालत आलंय. रुळलेला शब्द उपटून काय मिळणार?

कोकणकडा: रुळलाय कुठे? माझी भाची फिजिक्स करते, ती क्वांटमच म्हणते, तेच लिहा. लॅटिनमध्ये क्वांटम म्हणजे नुसतं 'किती'. आणि 14 डिसेंबर 1900 ला बर्लिनमध्ये प्लांकने मांडणी केली तेव्हा त्याचा शब्द होता ऊर्जा-घटक, त्यात ढीगबिग काही नाही.

सहाण: मला 'मात्रा' आवडेल, हिंदीत प्रमात्रा आहेच. किंवा सरळ 'वेढा'! आई बाळगुटी उगाळताना हळकुंडाचे दोन वेढे, वेखंडाचा एक असं मोजायची, पाऊण वेढा कधी ऐकला नाही. मुलांना लगेच कळेल.

जुनावाचक: वेढा म्हटलं की किल्ल्याला पडलेला वेढा आठवतो हो. शिवाय पुंज म्हणजे एकत्र बांधलेलं असंही घेता येतं, आइनस्टाइनने 1905 मध्ये प्रकाशही अशा तुकड्यांचाच असतो म्हटलं, त्याला तर तो छान बसतो.

कोकणकडा: आइनस्टाइनला बसेल, प्लांकला नाही. त्याला ते तुकडे बरीच वर्षं खरे वाटतच नव्हते, तापलेल्या वस्तूतून किती ऊर्जा बाहेर पडते त्याच्या सूत्राला आधार हवा म्हणून नाइलाजाने घेतले होते. सूत्र आधी आलं. त्याच वर्षी 7 ऑक्टोबरला, रविवारी, प्रयोग करणारा भौतिकशास्त्रज्ञ रूबेन्स त्याच्या घरी आला, कृष्णवस्तूच्या (ब्लॅक बॉडीच्या) प्रारणाची, म्हणजे तिच्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णता-प्रकाशाची, नवी मोजमापं सांगून गेला आणि प्लांकने त्याच संध्याकाळी ते जुळवलं.

अनुवादिका: हां, आता हे 'कृष्णवस्तू' पण आलं! तापून लालभडक झालेल्या वस्तूला काळी म्हणायचं हे दहा वर्षांच्या मुलाला कसं सांगू?

सहाण: भट्टी लिहा. मोजमापं घेतली ती बारीक भोक असलेली तापवलेली पोकळीच होती, भोकातून आत गेलेला उजेड परत फिरत नाही म्हणून काळी.

जुनावाचक: भट्टी चुन्याची, विटांची. इथे 'पोकळी' बरं.

कोकणकडा: पोकळी म्हणजे निर्वात वाटेल की.