मदत हवी आहे : टायटॅनोसॉरसच्या शेपटीच्या मणक्याचा साचा

कोल्हापुरात शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी टायटॅनोसॉरस इंडिकस या लांबमान्या डायनासोरच्या शेपटीच्या मणक्याची प्रतिकृती करतोय. संपूर्ण डायनासोर मुद्दाम टाळलाय. 1828 मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर ब्रिटिश लष्करी अधिकारी स्लीमनना मोजकीच हाडं मिळाली आणि 1877 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरने त्यावर नाव दिलं, ते मुख्यतः या मणक्यांवरून. पुढून खोलगट वाटी, मागे गोलसर उंचवटा, हीच त्याची ओळख. पण हे लक्षण पुढे कितीतरी जातींत सापडलं, म्हणून 2003 पासून ते नाव संशयास्पद मानलं जातं. (आपल्या चंद्रपूरच्या डोंगरगावचा इसिसॉरस हा डायनासोर वेगळा, त्याची बरीच जास्त हाडं मिळाली आहेत.)

मूळ आकार शाडूचा केलाय. प्लास्टरचा दोन तुकड्यांचा साचा मात्र अडकतो. मज्जारज्जूच्या भोकात आणि वाटीच्या कडेखाली प्लास्टर शिरून धरून बसतं, ओढलं की भोकावरच्या कमानीचं हाड मोडतं. साबणाचं पाणी तीन वेळा लावूनही तेच. प्रमाण वजनाने 10 भाग प्लास्टरला 7 भाग पाणी.

साचा उभा, मधोमध कापावा की भोकासाठी तिसरा तुकडा वेगळा करावा? की सिलिकॉन रबरच घ्यावं? शाहूपुरी कुंभार गल्ली किंवा बापट कॅम्पमध्ये मूर्तीचे रबरी साचे करणारं कुणी शिकवेल का? शिवाय मणक्याची बाजूने, पुढून आणि मागून, मोजपट्टीसह रेखाटनं कुणाकडे असतील तर कृपया द्या. तुटलेल्या कडा अंदाजाने भरायच्या नाहीत, तशाच दाखवायच्या आहेत.