रात्रीचं जागरण आणि सकाळची सर्व्हिस व्हिजिट : तुमचे अनुभव सांगा

शनिवारी रात्री आम्ही मैत्रिणी खूप वर्षांनी भेटलो. घरी यायला अडीच वाजले. दुसऱ्या दिवशी नऊ ते एकच्या दरम्यान वॉशिंग मशीनवाला येणार होता, म्हणून साडेआठचा गजर लावला. मशीनमधलं पाणी बाहेर जात नव्हतं. ड्रममध्ये दोन दिवसांचे ओले कपडे अडकलेले, त्यांना कुबट वास सुटलेला. मशीन पुढे ओढून ठेवलं आणि डोळा लागू नये म्हणून दाराजवळ खुर्ची टाकून बसले. साडेबाराला मेसेज आला, ‘ग्राहक घरी नसल्यामुळे भेट रद्द.’ बेल वाजली नव्हती. आलेले कॉल तीनदा तपासले, एकही नाही. मला अक्षरशः रडू आलं. उशीर झाला असता तर समजून घेतलं असतं, पण मी नव्हतेच, असं कसं लिहिलं? आता मंगळवारची तारीख दिली आहे.

तुमच्या बाबतीत असं झालंय का? तुम्ही काय केलंत तेही लिहा.

*

ताई, फ्रंट लोड आहे का? असेल तर पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे ड्रेन फिल्टर. प्लग काढा, पाणी गरम असेल तर निवू द्या, खाली पसरट भांडं ठेवा आणि फिल्टर हळूहळू फिरवा. पाणी भसकन येतं. माझ्याकडे बाळाचा मोजा निघाला होता.

*

माझ्याकडे माणूस वेळेवर आला, पण मीच शुद्धीत नव्हतो. पार्टीहून पहाटे आलो होतो. एसी थंड करत नव्हता. तो म्हणाला, “गॅस संपलाय, भरावा लागेल.” मी मान डोलावली आणि पुन्हा आडवा झालो. तीन आठवड्यांत हवा परत गरम.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्येच फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आधी गळती शोधायची, ती बुजवायची, व्हॅक्यूम करायचं, म्हणजे नळ्यांमधली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढायचा, मग गॅस. दुसऱ्या मेकॅनिकने बाहेरच्या युनिटजवळचा सांधा दाखवला. त्यावर तेलकट काळा डाग होता. तो डाग पहिल्या दिवशीही असणार. मी जागा असतो तर एवढं तरी विचारलं असतं की गॅस गेला कुठे?

*

काम व्हायच्या आधी ओटीपी देऊ नका. मी झोपेत दिला, तक्रार बंद झाली, गीझर तसाच.

*

मी हेच काम करतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. एकाच वेळेत दोन-तीन घरं दिलेली असतात. पहिल्या घरी पंप बदलावा लागला की पुढचं सगळं मागे पडतं. तरीही न जाता ‘ग्राहक नाही’ असं टाकणं चूकच, त्याचं समर्थन करणार नाही. असा मेसेज आला की लगेच हरकत नोंदवा, कॉल लॉगचा फोटो जोडा. आणि तक्रार करतानाच मॉडेल नंबर आणि स्क्रीनवरचा एरर कोड सांगा. योग्य पार्ट सोबत आणता येतो, नाहीतर नुसतं बघून परत जावं लागतं.

*

माझ्याकडून उलट झालं. रात्रभर बाहेर होते, सकाळी बेल ऐकूच आली नाही. तो माणूस हत्यारांची पिशवी घेऊन पाच जिने चढून आला आणि तसाच उतरला. मी फोन करून माफी मागितली. आता उशिरा येणार असेन तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचीच वेळ घेते.

*

धागा काढणारी मीच. झाकण उघडलं. अर्धी बादली काळपट पाणी आलं आणि पंपाच्या पात्यात अडकलेलं कोटाचं बटण निघालं. कपडे पुन्हा धुवायला लावलेत, पाणी व्यवस्थित जातंय. मंगळवारची व्हिजिट फोन करून रद्द केली, आणि ‘ग्राहक घरी नव्हता’ ही नोंद काढायलाही सांगितलं. ती काढल्याचा मेसेज अजून आलेला नाही. उद्या परत फोन करणार आहे.