मदत हवी आहे: वापरलेल्या बुटांच्या परताव्याचा वाद

नमस्कार. थोडे वापरलेले ट्रेकिंगचे बूट मी एका संकेतस्थळावरून विकले. टाचेची झीज दाखवणारे फोटो जाहिरातीत होते. पहिल्याच ट्रेकमध्ये सोल सुटला, असे सांगून खरेदीदार पूर्ण रक्कम मागत आहेत, मात्र बूट परत पाठवण्यास तयार नाहीत, हे मला खटकते. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्याने, नुसता ठेवला तरी, आतून ठिसूळ होत जातो आणि फोटोत ते दिसत नाही; त्यामुळे तक्रार खोटीच आहे, असे मी म्हणत नाही. वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 16 मधले ‘खरेदीदाराने पारखून घ्यावे’ हे तत्त्व, वस्तू हाताळताच येत नाही अशा व्यवहारात कितपत टिकते? बूट परत मिळाल्यावर अंशतः परतावा देण्याचा प्रस्ताव लेखी कसा मांडावा, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.