क्लास लावू की नको? (सोसायटी ग्रुप, मालवण)

स्नेहल, बी-२०३: आमच्या ओमची बारावी झाली. सुट्टीत वेबसाइट बनवायला शिकतो म्हणतो. क्लासवाल्याने तीन महिन्यांचे १८ हजार सांगितलेत. कोणाला अनुभव आहे का?

चेअरमन काका: १८ हजार? त्यात गच्चीवरची टाकी दुरुस्त होईल.

नितीन, ए-१०१: वहिनी, एवढ्यात पैसे भरू नका. मीही असाच क्लास लावलेला, पहिला महिनाभर नुसतं वर्ड शिकवलं. खरं शिकलो ते एमडीएनवर. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने सुरू केलेली साइट आहे. वेबपान ज्यांत लिहितात ते एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट सगळं पहिल्यापासून समजावलंय. ऑफिसात अडलं की आजही आम्ही तेच उघडतो.

स्नेहल: इंग्रजीत असेल ना? तो मराठी मीडियमचा.

नितीन: मग जोडीला आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, बोलणं मराठीत, स्क्रीन इंग्रजीत. सगळेच विषय मराठीत नाहीत, लिनक्स (विंडोजसारखीच पण फुकट सिस्टीम) आहे. आत्ताच डाऊनलोड करून ठेवा. पाऊस लागला की लाइट जाते आणि तिच्या मागोमाग रेंज.

मोहनकाका, सी-३०१: फुकट देतत म्हणजे खंयतरी गोम आसतलीच.

नितीन: काका, मुळात वेबच फुकट आहे. टिम बर्नर्स-लीने १९८९ साली सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत कल्पना मांडली, १९९३ मध्ये सर्नने ती सगळ्यांना मोकळी करून दिली. इंटरनेट कसं चालतं ते ज्यात लिहिलंय ते आरएफसी कागद १९६९ पासूनचे आहेत, आज कोणीही फुकट वाचावेत.

मोहनकाका: मग तुका कंपनी पगार कित्याक देता?

स्नेहल: मी ओम, आईच्या फोनवरून. दादा, काल मामाच्या होमस्टेचं पान केलं. 'सुरमई थाळी' लिहिलं तर ब्राउझरमध्ये भलतीच चिन्हं येतात.

नितीन: पानाच्या कोडमध्ये वरच्या 'हेड' भागात मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ आहे का? यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत. नसेल तर टाक. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली एन्कोडिंगलाही यूटीएफ-८च निवड. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे साठवणीच्या तीन तुकड्यांचं, असतं. ब्राउझरला ते सांगितलं नाहीस, तर तो प्रत्येक बाइट सुटा वाचतो. म्हणून एका 'स'ची तीन-तीन चित्रं.

स्नेहल: आली! सुरमई आली!

मोहनकाका: आता आमच्याकडे पण धाड.

सुजाता, बी-१०४: पण सर्टिफिकेटशिवाय कोण विचारतं?

नितीन: फ्रीकोडकॅम्प ही कोडिंग शिकवणारी साइट सर्टिफिकेटही फुकट देते. नेटवर्किंगकडे वळायचं असेल तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत. बघणं फुकट, परीक्षा द्यायची तरच फी, तीही केंद्रावर जाऊन. पण मी मुलाखती घेतो तेव्हा आधी 'तू केलेलं पान दाखव' म्हणतो. आणि ओम, दहा साइट बुकमार्क करून बसू नकोस. माझ्याकडे तसे २०० आहेत, एकही उघडलेला नाही. एमडीएन धर आणि मामाचं पान पुरं कर.

चेअरमन काका: उद्या टाकी साफ होणार. ७ ते ११ पाणी नाही. आज भरून ठेवा.

स्नेहल: क्लासवाल्याला ५०० टोकन देऊन बसलेय, ते परत मिळतील का?

मोहनकाका: संध्याकाळी मी येतंय तुझ्यावांगडा. पाचशे सोडूचे नाय.