फोन बंद पडल्यावर क्यूआर स्कॅन कशाने करायचा?

लोकलच्या स्टेशनांवर भाड्याने पॉवर बँक देणारी यंत्रं बसवायची, ‘क्यूआर स्कॅन करा, पॉवर बँक घ्या, उतराल त्या स्टेशनवर परत करा’, ही कल्पना आवडली. पण ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे, त्याचा फोन बंदच पडलेला असतो की! मेट्रोत चालतं ते एनसीएमसी कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) टेकवून पॉवर बँक मिळायला हवी. तेही नसेल तर यंत्राला एक केबल लोंबती ठेवा, पाच मिनिटं फुकट. तेवढ्यात फोन उठतो.

खरी डोकेदुखी मात्र वेगळीच आहे. मुंबईत सकाळी सगळे घरून फोन चार्ज करून निघतात. मागणी येणार संध्याकाळी, चर्चगेटला. मग रात्री सगळ्या पॉवर बँका विरार-बोरिवलीत गोळा, तिथे परत करायला खाचा रिकाम्या नाहीत आणि चर्चगेटला यंत्र ओस. टेम्पोने परत आणण्यात नफा गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा सकाळी जो एक पॉवर बँक उलट दिशेने नेईल त्याला पॉवर बँकेचं पुढचं भाडं माफ करा. आपला लोकलवाला तेवढ्यासाठी नक्की नेईल.

दराचंही बघा. चीनमध्ये २०१७ साली भाड्याच्या पॉवर बँकांची लाट आली तेव्हा दर तासाला साधारण १ युआन होता, पुढे ३-४ वर गेला, कारण यंत्र ठेवू देणारे हॉटेलवाले जागेचं कमिशन मागू लागले.

आणि हो, ५००० एमएएचच्या पॉवर बँकेने ५००० एमएएचचा फोन पूर्ण भरत नाही. व्होल्टेज बदलताना बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. जाहिरातीत ‘फुल चार्ज’ लिहू नका, लोक भांडायला येतील.