मातीच्या बांधातून गढूळ पाणी येतंय, मदत हवी आहे

आमचं पोहायला, होडी फिरवायला केलेलं छोटं खाजगी तळं आहे, मातीचा बांध साधारण 4 मीटर उंच. पायथ्याशी ओल आधीपासून होती पण पाणी स्वच्छ यायचं, आता चार दिवस झाले तेच गढूळ येतंय, ग्लासात धरलं तर तळाशी बारीक माती बसते, म्हणजे बांध आतून पोखरला जातोय ना? बरोबर त्याच्या वरचं मोठं झाड आम्ही मागे कापलं होतं, मुळं आत कुजली असणार. सांडवा मोकळा केलाय, पाणी हळूहळूच उतरवतोय, एकदम उतरवलं तर आतला ओला उतार घसरतो. खालच्या घरांना सांगून ठेवलंय, रात्री झोप नाही. इंजिनिअर येईपर्यंत त्या जागेवर वाळू आणि वर खडी असा थर टाकू का? कुणी केलंय का हे?