वर्गणी आणि परिषदांच्या पलीकडे

'शास्त्रज्ञांच्या संघटना वर्गणी घेऊन परिषदा भरवतात, एवढंच' हे मत अनेकदा ऐकू येतं, पण मला पटलं नाही. १९८४ साली स्थापन झालेली भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना, इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, बघा. भौतिकशास्त्र ऑलिंपियाड या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठीची पहिली चाळणी परीक्षा हीच शिक्षकमंडळी घेतात. पुढची निवड मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. मुलं अडतात ती प्रयोगात, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ५० पैकी २० गुण प्रयोगाचे असतात! उदाहरणार्थ, स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक साधारण ०.२ सेकंद. लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाचा वेळ, २ सेकंद असेल, तर एकच दोलन मोजल्यास १० टक्के चूक, ५० मोजल्यास ०.२ टक्के. वहीत आकडे उतरवून हे कळत नाही. त्यासाठीच संघटनेची अन्वेषिका केंद्रं आहेत, साध्या साहित्यातून प्रयोग करून घेणारी. आपल्या शाळेतल्या शिक्षकांना तिथे जरूर पाठवा.